शेवटच्या नळाची परीक्षा

आमच्या पाणी समितीत अकरा माणसं. त्यात बायका पाच, कारण तसा नियम आहे. त्यातल्या चौघी सभेला येतात, सही करतात आणि चहा झाला की उठतात. पाचवी मी. मला उठता येत नाही, कारण मी सचिव आहे आणि सभेत काय काय झालं ते वहीत लिहून काढायचं काम माझ्याकडे आहे. मी सचिव कशी झाले? तर माझं अक्षर चांगलं आहे. चांगलं अक्षर माणसाला किती महागात पडतं, हे शाळेत कुणी सांगत नाही.

समितीचे अध्यक्ष हेडमास्तर. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण गाव अजून त्यांना हेडमास्तरच म्हणतं आणि ते गावाला चौथीचा वर्ग समजतात. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे. पण आयुष्यभर शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना तोंड देऊन देऊन त्यांच्या हाडांत एकच गोष्ट मुरली होती. कुणी तपासायला आलं की पास व्हायचं. हुशार मुलं पुढच्या बाकावर, कच्ची मुलं त्या दिवशी घरी. मीही त्यांच्याच शाळेत शिकले. तपासणीच्या दिवशी मी पुढच्या बाकावर असायची आणि त्याचा मला केवढा अभिमान वाटायचा!

तर आमची पाण्याची योजना. प्रकल्पाच्या माणसांनी तीन वर्षं गाव खोदलं, उतारावर टाकी बांधली, घरोघर नळ दिले. खालच्या आळ्यांत पाणी धो धो. माझं घर खाली आहे. माझा नळ उघडला की बादलीतून पाणी बाहेर उडतं. पण वरची आळी जवळजवळ टाकीच्याच उंचीवर. तिथे खालचे नळ चालू असले की पाणी चढतच नाही. नळ उघडला की नुसतं फुस्स करतो आणि गप्प बसतो.

वरच्या आळीत घरं चारच. दोनांना कुलूप, मालक शहरात. तिसऱ्यात एक म्हातारा चौकीदार एकटा राहतो, त्याला दिवसाला बादलीभर पाणी पुरतं, आणि त्यातलंही अर्धं तो झाडाला घालतो. चौथं, सगळ्यात शेवटचं घर माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. थोरले दीर ट्रकवर असतात, महिन्यातून चार दिवस घरी. घरात जाऊबाई आणि आमच्या सासूबाई.

सासूबाईंची डावी बाजू नऊ वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्या खिडकीजवळच्या पलंगावर आहेत. दिवसातून दोनदा त्यांना पुसून काढायचं, चादरी बदलायच्या, धुवायच्या. कधी दोनदा, कधी चारदा. जाऊबाई हे सगळं एकट्या करतात. दर रविवारी मी वर जाऊन हात लावते आणि आठवडाभर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटते. खरं सांगायचं तर सासूबाई माझ्याकडे नाहीत याचं मला बरंच वाटायचं.

जाऊबाईंना एका गोष्टीचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. नऊ वर्षांत आईंच्या पाठीला एक फोड नाही. आरोग्य केंद्रातली नर्सबाई इतर गावांत जाऊन हे सांगायची. जाऊबाईंना कुणी कधी बक्षीस दिलं नव्हतं, हेच त्यांचं बक्षीस.

पण त्यासाठी पाणी लागतं. पूर्वी सगळं गावच विहिरीवरून पाणी आणायचं. तेव्हा पाणी वाहणं हे नुसतं एक काम होतं. आता साऱ्या गावाच्या दारात नळ आणि जाऊबाई एकट्या दोन हातांत दोन कॅन घेऊन माझ्या घराजवळच्या नळावरून चढ चढतात. दिवसाला सात खेपा. उजवा खांदा दुखतो म्हणून अध्येमध्ये थांबून कॅन बदलतात, पण वजन दोन्हीकडे सारखंच, बदलून काय फरक पडणार?

"धाकटे," त्या एकदा मला म्हणाल्या, "समितीत तू आहेस म्हणून मी गप्प आहे. नाही तर टाकीवर जाऊन बसले असते."

मी म्हटलं, "ताई, मी बघते."

आता ती चाचणी. प्रकल्पाची मुदत संपत आली होती. योजना समितीच्या ताब्यात देऊन ते लोक जाणार होते. जाण्याआधी एक चाचणी असते. गावातल्या सगळ्यात शेवटच्या नळाखाली दहा लिटरची बादली धरायची आणि घड्याळ लावायचं. दोन मिनिटांत भरली तर योजना ठीक. शेवटचा नळ म्हणजे जाऊबाईंचा.

पत्र आलं तेव्हा हेडमास्तरांचा चेहराच उतरला. समितीच्या खोलीत त्यांनी ते उभं राहून वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "हा नळ आपल्याला नापास करणार."

पलीकडच्या गावाचा नळ नापास झाला होता आणि ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. आम्ही बरेच दिवस त्यांना हसलो होतो. आता आपली पाळी, या विचाराने समिती हादरली. किराणा दुकानदार म्हणाला, "त्यांना काय, ते योजनेच्या फलकावर नापास म्हणून लिहून जातील. आपण तोंड कुठे लपवायचं?"

मग हेडमास्तरांनीच तोड काढली. चाचणीच्या सकाळी खालच्या सगळ्या आळ्यांचे वाल्व बंद ठेवायचे. टाकीतलं सगळं पाणी वरच्या एका आळीला. ज्यांच्या आळीला वाल्व नाही, थेट टाकीशी जोड आहे, त्यांनी तीन तास घरचे नळ उघडायचे नाहीत. बस्स.

मी हात वर केला. अजूनही त्यांच्यासमोर माझा हात आपोआप वर जातो. "आणि नंतर? त्या नळाला नंतर पाणी कसं यायचं?"

"शाबास," ते म्हणाले. "एकदा योजना आपल्या ताब्यात आली की वाल्व आपले, टाकी आपली. रोज सकाळी दोन तास खालच्या आळ्या बंद, वरची चालू. कायमची पाळी लावून टाकू. लिहा वहीत."

मी लिहिलं. अकराच्या अकरा जणांनी सह्या केल्या. मला इतका आनंद झाला की सभा संपल्यावर मी तडक चढ चढून गेले. जाऊबाई चादर पिळत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "रोज दोन तास?"

"रोज दोन तास."

"मग मला अजून काय हवं!" त्या म्हणाल्या आणि आत जाऊन सासूबाईंच्या कानाशी मोठ्याने ओरडून सांगितलं. सासूबाईंना किती कळलं कोण जाणे, पण त्या हसल्या.

त्यानंतर गावात दोन रंगीत तालमी झाल्या. थट्टा नाही, खरंच झाल्या. हेडमास्तर शिट्टी घेऊन टाकीपाशी उभे. एक शिट्टी वाजली की सगळ्यांनी नळ बंद करायचे, दोन वाजल्या की उघडायचे. पहिल्या तालमीत वरच्या नळाचं पाणी मध्येच बारीक झालं. हेडमास्तर तरातरा खाली आले आणि आळीच्या तोंडाशी उभं राहून गरजले, "आंघोळ कोण करतंय?" न्हावी डोक्याला साबण तसाच घेऊन दारात आला आणि म्हणाला, "सर, मी." त्याला तसंच वीस मिनिटं बसवलं. गाव पोट धरून हसलं. दुसऱ्या तालमीत कुणाचीही चूक झाली नाही. एवढी एकी मी आमच्या गावात कधी पाहिली नव्हती. आजही ती आठवली की मला अभिमान वाटतो आणि लगेच स्वतःची लाज वाटते.

फक्त एक माणूस कुरकुरत होता, आमचा वाल्ववाला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, वाल्वची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून फिरणारा. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्या दाराशी आला.

"ताई, एक विचारू? नळ जसा आहे तसाच दाखवला तर?"

"म्हणजे कोरडा?"

"कोरडा. त्यांना कळू दे ना वर पाणी चढत नाही ते."

"म्हणजे नापास व्हायचं?"

"नापास तर नापास. डॉक्टरकडे गेल्यावर कुणी दुखणं लपवून ठेवतं का?"

मी भाजी चिरत होते. माझ्या डोक्यात पाळी होती, सह्या होत्या, जाऊबाईंचं हसणं होतं. शिवाय समितीत शिकलेली मी आणि हा मला शहाणपण शिकवणार. मी म्हटलं, "तुम्ही वाल्व फिरवा, माझं डोकं नका फिरवू." तो चावी खांद्यावर टाकून गेला.

त्या एका वाक्यासाठी मी स्वतःला कधीही माफ करणार नाही. पण तेव्हा ते मला चांगलं जमून आल्यासारखं वाटलं होतं आणि मी ते रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलंही होतं.

सकाळी इंजिनीअर बाई आल्या. तरुण होत्या, बूट चिखलाने भरलेले, हातात जाड पुस्तक. जाऊबाईंनी नळाखालचा दगड घासून ठेवला होता. हेडमास्तर कडक इस्त्रीत. खाली गाव श्वास रोखून बसलेलं. नळ उघडला, दोनदा ढेकर दिल्यासारखा आवाज झाला आणि पाणी आलं. बादली एक मिनिट चाळीस सेकंदांत भरली.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "मोठे, काय वाजतंय गं?"

"नळ, आई! आपला नळ!" जाऊबाई ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या.

इंजिनीअर बाईंनी घड्याळ खिशात ठेवलं आणि जाऊबाईंना विचारलं, "पाणी रोज असंच येतं?"

जाऊबाईंना खोटं बोलता येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हेडमास्तरांनीही माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "येतं."

बाईंनी पुस्तकाची पानं मागे उलटली आणि एका पानावर पेनने आडवी रेघ मारली. मला वाटलं, बरोबरची खूण केली. दोन शिट्ट्या झाल्या आणि खाली सगळ्या आळ्यांत टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या सकाळी जाऊबाईंनी घरातली एकूण एक चादर धुतली.

योजना ताब्यात आली आणि पाळी सुरू झाली. ती तीन दिवस टिकली.

पहिल्या दिवशी लोकांनी सोसलं. दुसऱ्या दिवशी माझ्या आळीतल्या बायका माझ्या दारात आल्या. "सकाळचे दोन तास म्हणजे नेमके डब्याचे, आंघोळीचे. तुझ्या जावेसाठी आम्ही खोळंबायचं का?" चाचणीच्या दिवशी याच बायकांनी तीन तास नळाला हात लावला नव्हता. पण तो गावाच्या अब्रूचा प्रश्न होता आणि हा एका बाईच्या खांद्याचा. तिसऱ्या दिवशी माझा नवराच अंगाला साबण लावून न्हाणीत ओरडला. आई त्याची, वहिनी त्याची, तरीही ओरडला. चौथ्या दिवशी सकाळी वाल्ववाल्याने वाल्व बंद केले आणि अर्ध्या तासात ते पुन्हा उघडलेले. गावात वाल्वच्या आणखी तीन चाव्या निघाल्या. वेल्डरला विचारलं तर म्हणाला, "माझ्याकडे नमुना आणला, मी बनवली. मला काय माहीत कशाची आहे?" वेल्डरचं स्वतःचं घर खालच्या आळीत.

पुढच्या सभेत हेडमास्तर म्हणाले, "प्रयोग केला, व्यवहारात जमला नाही. दुसरा काही मार्ग निघतो का ते पाहू. लिहा."

जाऊबाई पुन्हा कॅन वाहू लागल्या. मला तोंड वर करून बघवेना. मी बस धरून प्रकल्पाच्या कचेरीत गेले.

तिथे कपाटं रिकामी करणं चाललं होतं. खोक्यांवर दोर बांधले जात होते. इंजिनीअर बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, "बाई, वरच्या आळीला काही करता येईल का?"

त्या बुचकळ्यात पडल्या. "तुमच्या वरच्या आळीला तर पाणी आहे ना? मी स्वतः मोजलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग ते जाड पुस्तक काढलं आणि ती रेघ मारलेलं पान माझ्यासमोर धरलं. वरच्या आळीसाठी वेगळा छोटा पंप आणि छोटी टाकी. मंजूर. शेवटच्या नळाला पाणी कमी पडल्यास बसवावा.

"आम्हाला पहिल्यापासून शंकाच होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तरतूद ठेवली होती. पाणी पुरेसं निघालं, म्हणून तो पंप पलीकडच्या गावाला दिला. त्यांचा नळ नापास झाला होता. आता तिथे छान चढतं पाणी."

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"या पुस्तकाची प्रत समितीकडे आहे. सचिवांनी घेतली, अशी सही आहे."

सही माझीच होती. प्रत समितीच्या कपाटात होती, कपाटाची किल्ली माझ्याकडे. पुस्तक आलं त्या दिवशी मी त्यावर समितीचा शिक्का मारला, आवकची तारीख सुंदर अक्षरात घातली आणि ठेवून दिलं. उघडलं नाही. एवढं जाड पुस्तक, म्हटलं, त्यांचं तांत्रिक असेल काहीतरी.

बाईंनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी काय झालं असेल ते माझ्या लक्षात आलं. अजून एक पंप शिल्लक आहे. महिनाअखेरपर्यंत. चाचणीच्या वेळी बाकीचे वाल्व बंद होते, एवढं समितीतल्या कुणीही एकाने लिहून दिलं, तरी मी फेरचाचणी लावते. कुणीही एक. तुम्ही दिलंत तरी चालेल."

बसमध्येच मी पत्र लिहायला घेतलं. बस हलत होती, तरी अक्षर चांगलं आलं.

पण पत्र टाकण्याआधी मी हेडमास्तरांकडे गेले. का गेले? विचारल्याशिवाय काही करायचं नाही, ही सवय. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही खरंच लिहिलं आहे," ते म्हणाले. "पण असं बघा. चौकशी झाली की पहिला प्रश्न, वाल्व कुणी फिरवले? त्याचं नाव येणार. त्याची नोकरी जाईल, माझं काय, मी म्हातारा माणूस. आणि दुसरा प्रश्न, रोज पाणी येतं असं कुणी सांगितलं?"

त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली.

"एका नळासाठी सगळं गाव खोटारडं ठरवायचं का, ते तुम्ही ठरवा. मी अडवणार नाही."

खरंच त्यांनी अडवलं नाही. मला कुणीच अडवलं नाही. पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी वाल्ववाल्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, "टाका ताई. माझं मी बघतो." तेव्हा मला कळलं की त्याच्या नोकरीची ढालही उरली नाही. आता फक्त माझी भीती उरली. आळीतल्या बायका काय म्हणतील, समितीत पुन्हा कुणी बसवेल का, फलकावर काय लिहिलं जाईल. आणि जाऊबाईंना कळेल की पंप त्यांच्या दारापर्यंत आला होता आणि तो मी एका शब्दाने परत पाठवला. सगळ्यात जास्त भीती त्याची होती. रोज सकाळी वाटायचं, आज टाकते. महिना संपला. मी भित्री निघाले, दुसरा शब्द नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी जाऊबाईंचा खांदा पार धरला. सात खेपांच्या पाच झाल्या, पाचांच्या तीन. मी वर पाणी पोचवायला लागले, नवराही कधीमधी. पण आमचं आपलं सवडीने, आणि सासूबाईंचं अंथरूण सवड बघत नाही. जाऊबाईंनी चादर बदलण्याऐवजी उलटी करून घालायला सुरुवात केली. हे त्यांनी मला सांगितलं नाही. नर्सबाई आली, तिने सासूबाईंना कुशीवर वळवलं आणि पाठीला तळहाताएवढी जखम.

मी तिथेच होते. नर्सबाईने जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाई भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या. नऊ वर्षांत त्या माझ्यासमोर कधी बसल्याचं मला आठवत नाही. कायम उभ्या, कायम कामात.

"जिथे पाणी आहे तिथे ठेवा आजींना," नर्सबाई म्हणाली. "ही जखम रोज दोनदा धुवायला लागेल, आणि अंगाखाली कायम कोरडं, स्वच्छ."

सासूबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. त्या एका हाताने खिडकीचा गज धरून होत्या. जाऊबाईंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. तेव्हापासून त्या माझ्याकडे आहेत, आमच्या मधल्या खोलीत. मी पुसायला गेले की अंग आवळून घेतात आणि "मोठे, मोठे" करतात. म्हणून जाऊबाईच दिवसातून दोनदा चढ उतरून येतात, त्यांना धुतात, पुसतात, चादरी पिळतात आणि रिकाम्या हातांनी परत जातात. माझ्या न्हाणीत पाणी धो धो वाहत असतं.

काल समितीची सभा झाली. प्रलंबित तक्रारींत वरच्या आळीचा नळ होता. दुकानदार म्हणाला, "आता तिथे पाण्याची गरज कुणाला आहे? म्हातारीला तर खाली आणलं."

हेडमास्तर उठून उभे राहिले. "सचिवांचं कौतुक करायला हवं," ते म्हणाले. "सरकारला त्रास नाही, प्रकल्पाला त्रास नाही, घरातल्या घरात त्यांनी प्रश्न सोडवला. लोकसहभाग म्हणतात तो हा." टाळ्या झाल्या. चहा व्हायचा होता, म्हणून त्या चौघीही होत्या आणि त्यांनीही वाजवल्या. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा. वरच्या आळीतील नळाची तक्रार निकाली."

मी लिहिलं. निकाली. अधोरेखित केलं, कारण निकाली निघालेलं आम्ही अधोरेखित करतो.

घरी आले तर जाऊबाई न्हाणीत चादर पिळत होत्या. खांद्यामुळे त्यांना नीट पीळ बसत नाही. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सभा झाली का?"

"झाली."

"माझ्या नळाचा विषय निघाला?"

"निघाला."

"काय म्हणाले?"

मी म्हटलं, "बघू म्हणाले."

त्यांनी मान हलवली. नळ बंद केला. आतून सासूबाईंनी त्यांना हाक मारली, त्यांनी "आले आई" म्हणून उत्तर दिलं. मग मला म्हणाल्या, "घाई करू नकोस त्यांना, धाकटे. पण जखम भरत आलीय. तेवढ्यात वर पाणी आलं ना, की आईंना घेऊन जाईन. त्यांना इथे झोप लागत नाही. मलाही तिथे लागत नाही."

मी "हो" म्हटलं आणि पिळायला चादरीचं दुसरं टोक धरलं.